चिमणा साडीच्या दोन हजार पिशव्या

आमच्या प्रेसमध्ये एक नियम होता. अब्बांची शेवटची नजर फिरल्याशिवाय कुठलंही काम दाराबाहेर जायचं नाही. नियम चांगला होता, आणि एकदा त्यानंच आम्हाला खड्ड्यात घातलं. ती गोष्ट मी आता सगळ्यांना हसून सांगते. त्या दिवशी मात्र मी हसत नव्हते, एवढं आधीच कबूल करते.

अब्बा म्हणजे माझे वडील, दस्तगीर. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत, आमच्या छोट्या छापखान्यात, त्यांनी तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तेव्हाच ते कागदावर सुलटं उमटतं. तीस वर्षं उलटी अक्षरं वाचून अब्बांच्या डोळ्यांना तेच वळण लागलं होतं. उलटी ओळ ते भराभर वाचत आणि सुलट्या ओळीवर रेंगाळत. अठ्ठ्याण्णव साली खिळ्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या, टेबलावर कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढं मी बसले. मी नजीरा, त्यांची थोरली मुलगी. सासर दोन गल्ल्या पलीकडं, आणि जीभ, आईच्या म्हणण्याप्रमाणं, दोन्ही घरांना पुरून उरणारी.

अब्बा वर्षभर त्या मशीनकडं नको असलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं बघायचे. मग एके दिवशी मी त्यांना एक बटण दाखवलं. ते दाबलं की पडद्यावरचं आख्खं पान आरशात धरल्यासारखं उलटं होतं. अब्बा खुर्ची ओढून पुढं सरकले.

"आत्ता दिसाय लागलं बघ!" ते म्हणाले. घरात आमची बोली वेगळी, पण प्रेसमध्ये पाऊल ठेवलं की अब्बा अस्सल कोल्हापुरी. "ह्ये बघ, हितं फोनचा एक आकडाच गळालाय."

मी ते पान तीनदा वाचलं होतं. तेव्हापासून अब्बांची शेवटची नजर अशीच फिरायची. पान उलटं करायचं, वाचायचं, पुन्हा सुलटं करायचं. मला हसू यायचं, पण चुका सापडायच्या, म्हणून मी तोंड बंद ठेवायचे. तशी वेळ माझ्यावर क्वचित येते.

दोन हजार दोनच्या ऑगस्टात यंत्रमागांच्या कबनूर गावाहून आमच्या ओळखीची निशा आली. बरोबर तिची सासू, चिमणाबाई.

"जय भीम, चाचा," निशा दारातूनच म्हणाली.

"जय भीम, जय भीम. या पावणं, बसा," म्हणत अब्बांनी स्वतःची खुर्ची चिमणाबाईंना दिली आणि चहाची ऑर्डर सोडली. गिऱ्हाइकाला खुर्ची आणि मुलीला स्टूल, ही त्यांची जुनी रीत.

निशाच्या नवऱ्यानं, प्रसेनजीतनं, चार जुने यंत्रमाग घेतले होते. आजवर ती मंडळी व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणायची, आणि कापड बाजारात जायचं ते व्यापाऱ्याचा शिक्का लागून. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं सूत घेऊन स्वतःच्या साड्या विणल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र सुती साड्या, बोटभर निळा काठ. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमतात, आणि कितीतरी बायका पांढरी साडी नेसून येतात. तिथं जवळच एक टेबल टाकायला निशाला जागा मिळाली होती.

"साड्या झकास झाल्यात," निशा म्हणाली. "पर उघड्याच घिऊन बसलो तर लोकं म्हणणार, कुठल्या गठ्ठ्यातनं काढल्यात कुणाला ठावं. पिशवी पायजे. चांगली काचंवानी, प्लॅस्टिकची, आन् वर नाव छापल्याली."

"नाव काय घालायचं?" मी विचारलं.

निशानं सासूकडं बघितलं. चिमणाबाईंनी लगेच पदर तोंडाला लावला. "मी न्हाय म्हणून सांगितलंय हं हिला. माझं नाव, आन् पिशवीवर? लोकं हासतील की."

"हासू द्या की, आत्ती," निशा म्हणाली. सासूला आत्ती म्हणायची आमच्या भागात पद्धत आहे. मग माझ्याकडं वळली. "नजीराताई, आत्तींनी तीस वर्सं दुसऱ्याच्या कारखान्यात कांड्या भरल्यात. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसती न्हवं, ती. ह्यांच्या कांडीवर किती कापड निघालं आसंल, सांगा बघू? त्यातल्या एका वारावरबी ह्यांचं नाव न्हाय. आता आपल्या कापडावर आपलंच नाव. 'चिमणा' साडी, कबनूर."

मला एकदम गहिवरून आलं, पण गिऱ्हाइकासमोर तसं दाखवायची मला सवय नाही. मी म्हटलं, "नाव लहान आहे, अक्षर मोठं घेता येईल."

दोन दिवस लावून मी चित्र बांधलं. वर पिंपळाचं पान, खाली टपोऱ्या अक्षरात 'चिमणा', त्याखाली 'शुद्ध सुती साडी', गावाचं नाव आणि फोन नंबर. सगळं एकाच निळ्या रंगात, साडीच्या काठासारख्या. निशाला दाखवायला बोलावलं, तशा चिमणाबाईही आल्या. पडद्यापुढं वाकून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"पान झ्याक हाय. आन् ह्यात मी कुठं हाय?"

निशानं बोट ठेवलं.

"आसंल बाई. लिवल्यालं समदं मला सारकंच दिसतंय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. शाळा त्यांनी फक्त बाहेरून बघितली होती.

पिशव्या पुण्याकडच्या एका कारखान्यात व्हायच्या होत्या. तिथला माणूस फोनवर मोजकंच बोलला. "प्रिंट-रेडी फाईल ई-मेलनं पाठवा. अक्षरांचं चित्रात रूपांतर करून पाठवा, म्हणजे तुमचा फॉन्ट आमच्याकडं नसला तरी बिघडणार नाही. आणि मॅडम, नीट तपासून घ्या. आम्ही फाईलमध्ये काही दुरुस्त करत बसत नाही. जशी येईल तशी छापतो."

मी सगळं केलं. अक्षरांची चित्रं केली, कापायच्या रेघेबाहेर जागा सोडली, सिलाईची जागा मोकळी ठेवली, पीडीएफ बांधली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपटत धोपटत शिकले होते, आणि त्या फाईलवर मी खूश होते. आता फक्त पाठवायची राहिली होती. पण नेट लागेना. फोनच्या तारेवरचं नेट ते, मोडेम कुई कुई करायचा आणि ऐन वेळी गप्प बसायचा. इकडं आफशीनच्या, माझ्या मुलीच्या, शाळेत पालकसभा होती, आणि मागच्या सभेला मी गेले नव्हते म्हणून तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

"तू जा की," अब्बा म्हणाले. "मी धाडतो."

"तुम्ही?"

"का? माझ्या हाताला काय काटं हायत?"

मी त्यांना चार वेळा सगळं समजावलं. जोडायचं कसं, फाईल लावायची कशी, पत्ता कुठं. वहीत लिहूनही दिलं. आणि गेले.

परत आले तर आख्खी गल्ली जिलेबी खात होती. समोरचा चहावाला आकाराम मला बघून ओरडला, "नजीराताई, चाचांनी पुण्याला ई-मेल धाडलं म्हणं!"

अब्बा पायरीवर बसून लोकांना समजावत होते. "तारंसारकंच की. पर तारंत अक्षरं जात्यात, ह्यात आख्खं पान जातंय. घडीसुदिक मोडत न्हाय."

"शेवटची नजर फिरवली ना?" मी विचारलं.

"फिरवली तर. एक चूक न्हाय." मग माझ्याकडं बघून जरा मिश्किल हसले. "आता न्हाय."

ते 'आता' मी सोडून दिलं. जिलेबी गरम होती. पाठवलेली फाईल मी उघडून बघितली नाही. कशाला बघायची? बनवली मीच होती.

ऑक्टोबरच्या तीन तारखेला पार्सल आलं. निशा आणि चिमणाबाई सकाळच्या गाडीनंच आल्या होत्या. नागपूरला निघायचं होतं बारा तारखेला. निशानं दोरी कापली, गठ्ठा उघडला, वरची पिशवी उचलली आणि तिचा चेहरा उतरला.

"नजीराताई, ह्ये काय ओ?"

पिशवी काचेसारखी नितळ होती. पान सुरेख होतं. आणि 'चिमणा' हे नाव आरशातल्यासारखं उलटं होतं. नाव, गाव, फोन नंबर, सगळंच. दुसरी पिशवी काढली, तिसरी काढली. दोन हजार पिशव्या, सगळ्या तशाच.

मी फोन उचलला. पुढची पाच मिनिटं मी त्या कारखान्यातल्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. डोळे आहेत का, अक्षरओळख आहे का, एवढं तरी सौम्य होतं. तो माणूस शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाठवलेली फाईल एकदा उघडून बघा. जशी आली तशी छापली."

मी उघडली. फाईल उलटी होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी मारत होते, आणि त्याही एसटीडी दरानं. फोन ठेवला आणि अब्बांकडं वळले.

अब्बा उभेच होते. त्यांना सगळं कळलं होतं.

"त्यो छापाय तयार फाईल पायजे म्हणालता न्हवं?" ते सावकाश म्हणाले. "मी पान उलटं करून वाचलं, नेहमीसारकं. मग परत सुलटं कराय गेलो आन् मनात आलं, छापाय तयार अक्षर सुलटं कुठं आसतंय? तीस वर्सं मशिनीवर चढवला त्यो मजकूर उलटाच चढवला की मी. सुलटा चढवला तर कागदावर उलटा येतोय. म्हटलं, पोरगी घाईत इसरली. मग तसंच ठिवलं, तू शिकवल्याली पीडीएफ परत बांधली आन् धाडली."

म्हणजे हा माणूस महिनाभर असं समजून होता की त्यानं माझी चूक झाकली आहे. आणि मला वाईट वाटू नये म्हणून एक शब्द बोलला नव्हता. मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मी रागावते, ते सोपं पडतं.

"अब्बा, तुम्ही कॉम्प्युटरला हात लावू नका. आजपासून अजिबात नका!"

अब्बांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. आपण काय बोललो ते मला तेव्हाच कळलं होतं, पण उचललेली जीभ टाळ्याला लागून गेली होती.

कारखान्याला नव्या पिशव्यांना तीन आठवडे लागणार होते, आणि हाताशी होते नऊ दिवस. निशा गठ्ठ्यावरच बसली. "उघड्या साड्यांना तिथं कोण इचारतंय? कपड्याची शंभर दुकानं आसत्यात. आत्ती, व्यापाऱ्याला द्याव्या लागतील. त्यो त्येचा शिक्का मारून न्हील."

एवढं सगळं होईपर्यंत चिमणाबाई एका बाजूला गप्प बसून होत्या. आता त्यांनी आवाज चढवला. "काय झालंय ते सांगतंय का कुणी मला? का मी नुस्ती बसाय आलीया?"

"तुमचं नाव उलटं आलंय, आत्ती."

"उलटं म्हंजे?"

"म्हंजे... पाठीमागनं बघितल्यावानी."

चिमणाबाईंनी एक पिशवी घेतली. उजेडाला धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली. "मला कायबी फरक दिसत न्हाय बाई." मग पिशवीच्या तोंडातून हात आत घातला आणि पंजा पसरून आतून बघावं तशी मान वाकडी केली. "पाठीमागनं म्हणतीस. मग आतल्या अंगानं बघितलं तर बरूबर दिसंल न्हवं?"

हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मला तर नाहीच. मी कॉम्प्युटर शिकलेली बाई.

"झबलं शिवताना काय करताय गं?" त्या म्हणाल्या. "उलटंच शिवताय न्हवं? मग सुलटं करताय. पिशवीच हाय की ही. तीन अंगानं शिवल्याली, एका अंगानं उघडी." असं म्हणत त्यांनी तळाचा कोपरा आतून चिमटीत धरला आणि पिशवी ओढून बाहेरची आत, आतली बाहेर केली. कोपरे दबून राहिले. त्यांनी कमरेच्या पिशवीतून कांडी काढली, जिच्यावर त्या शिवायचा दोरा गुंडाळून ठेवत, आणि तिच्या टोकानं दोन्ही कोपरे ढोसून टोकदार केले. मग पिशवी हातानं सपाट करून निशापुढं धरली.

पिंपळाचं पान. चिमणा. शुद्ध सुती साडी. कबनूर, जिल्हा कोल्हापूर.

निशा अशी किंचाळली की समोरून आकाराम किटली घेऊनच धावत आला. मी चिमणाबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "आगं, पिशवी चुरगळंल!"

एकटे अब्बा हसत नव्हते. ते पुढं आले, पिशवी घेतली आणि आत बोट घालून चोळलं.

"थांबा," ते म्हणाले. "शाई आता आतल्या अंगाला आली. साडी पांढरी हाय. उन्हात, गर्दीत, गठ्ठ्याच्या दाबानं निळा डाग पडला तर पिशवीबी गेली आन् साडीबी गेली."

शाईच्या बाबतीत अब्बांच्या पुढं बोलायची आमच्या गल्लीत कुणाची टाप नव्हती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि डोक्यावरची टोपी काढली. पांढरी, सुती, त्याच सकाळी आईनं धुऊन दिलेली. तिच्यावर पाण्याचा हबका मारला, ती पिशवीत घातली, पिशवी मागच्या चौकात उन्हात ठेवली. मग माळ्यावर चढून शिशाच्या खिळ्यांची एक पेटी काढून आणली आणि त्या पिशवीवर ठेवली.

"आता उद्या दुपारी बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या चौकात कुस्तीला जमावी तेवढी माणसं. अब्बांनी पेटी उचलली, टोपी काढली. उन्हात धरून बघितली, आत बघितली, बाहेर बघितली, शिवण उसवून बघायचीच काय ती राहिली. निशा डोळे मिटून उभी होती. मी नखं खात होते.

अब्बांनी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

"लागा कामाला," ते म्हणाले. "डाग न्हाय. आन् एक सांगतो, ह्ये बरंच झालं. नाव आतनं ऱ्हायलं. पोत्यात घासलं, गाडीत रगडलं तरी त्येचा टवका उडायचा न्हाय. नुस्तं वरनं छापल्यालं आठ दिसात जातंय."

लोक पांगल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. "अब्बा, काल मी जरा जास्तच बोलले."

"बोललीस ते बरूबरच हाय. चूक माझीच." ते टोपी सारखी करत राहिले. "पर हात लावू नका म्हणू नको गं. आता कुठं गोडी लागलीया."

"लावा. फक्त पाठवायच्या आधी मला विचारा."

"आन् तू मला इचार," ते म्हणाले. असा आमचा समझोता झाला, आणि तो अजून चालू आहे.

मग तीन दिवस आमच्या प्रेसमध्ये दुसरं काम नव्हतं. प्रसेनजीत टेम्पोतून साड्या आणि कबनूरच्या सात-आठ बायका घेऊन आला. माझी आई आली, गल्लीतल्या पोरी आल्या. जमिनीवर सतरंज्या अंथरल्या आणि दोन हजार पिशव्या उलटायच्या कामाला सगळ्या बसल्या. गाणी झाली, गोंधळ झाला, दुपारी भाकरी, पिठलं आणि आईच्या हातचा खर्डा झाला. तो खाऊन कबनूरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी कुणी 'तिखट हाय' म्हणायला तयार नव्हतं. 

मुकादम अर्थात चिमणाबाई. पहिल्या दिवशी नाव छापू नका म्हणणारी बाई ती हीच, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

"कोपरा काढा, कोपरा! न्हायतर साडी म्हातारीच्या गालावानी दिसंल. ए पोरी, नख लावू नगंस, कांडी घे!"

त्या स्वतः एक पिशवी हातात घेत, मांडीवर ठेवत, नावावरून हात फिरवत, उलटत, कोपरे काढत, पुन्हा नावावरून हात फिरवत आणि ढिगावर ठेवत. दुसऱ्या बायका गप्पा मारत उलटायच्या, या मात्र पिशवीकडं बघत उलटायच्या. एकदोनदा मला वाटलं की ओठही हलतायत. मोजत असतील, असं समजून मी सोडून दिलं.

भरलेली पिशवी निशाकडून अब्बांकडं जायची. नियम तो नियम. अब्बा एकेक पिशवी हातात धरून बघायचे, शेवटची नजर फिरवायचे आणि मग ती रचायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला काम संपलं. भिंतीशी पांढऱ्या साड्यांच्या चळती उभ्या राहिल्या, पायऱ्यांसारख्या जरा सरकवून रचलेल्या, प्रत्येक पिशवीवरचं निळं नाव कडेनं दिसेल अशा. इतकं देखणं काम आमच्या प्रेसमधून आजवर गेलं नव्हतं, आणि हे मी आमच्या इतर गिऱ्हाइकांसमोरही म्हणेन. मी आणि निशा चळती उचलून पोत्यात भरायला लागलो. चिमणाबाई दारात बसून बशीतून चहा पीत होत्या, आमच्यापासून चांगल्या सात-आठ हात लांब.

"नजीरा, थांब," त्या एकदम म्हणाल्या. "तुझ्या हातातली न्हवं, तिच्या शेजारची चळत. वरनं तिसरी. ती उलटी ऱ्हायलीया."

"न्हाय ओ मावशी," मी म्हटलं. "अब्बांनी सगळ्या बघितल्यात."

"बघितल्या आसतील. पर उलटी हाय."

मी नुसती त्यांची समजूत घालायला म्हणून वरच्या दोन उचलून बाजूला ठेवल्या. तिसरी हातात घेतली. खरंच उलटी होती. घाईत कुणीतरी न उलटताच साडी भरली होती. अब्बांच्या नजरेतून ती सुटली यात काही नवल नव्हतं. त्यांच्या डोळ्यांना त्या दोन हजारांत ती एकच सरळ दिसली असणार.

निशा हातातलं पोतं तसंच धरून उभी राहिली. "आत्ती, शिवणीवरनं वळाकलासा व्हय?"

"शिवण हितनं दिसती व्हय?" चिमणाबाईंनी बशी खाली ठेवली. "कडंनं नाव दिसतंय की. माझं पयलं अक्षर आदी यायला पायजे. काठी हिकडल्या अंगाला, डोईवर आकडी. ह्यात ते पार शेवटाला गेलंय, आन् काठी पल्ल्याड. तीन दिस उलटं हातात घ्यायलीया आन् सुलटं करून ठिवायलीया. माझंच नाव हाय. मला वळखू यीना व्हय?"

निशाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. अब्बांनी डोक्यावरची टोपी उगाचच काढली आणि परत घातली.

चिमणाबाई उठल्या. माझ्या हातातून ती पिशवी घेतली, साडी काढून खांद्यावर टाकली, पिशवी उलटली, कांडीनं कोपरे काढले. मग पिशवी गुडघ्यावर सपाट करून एकेका अक्षराखाली बोट ठेवत, सावकाश, कुणाला ऐकवण्यासाठी नाही अशा आवाजात म्हणाल्या, "चि. म. णा."

निशानं साडी पुन्हा भरून घ्यायला हात पुढं केला. चिमणाबाईंनी तिचा हात बाजूला सारला, स्वतःच साडी आत घातली आणि पिशवी काखेत धरली.

"ही इकायची न्हाय," त्या म्हणाल्या. "ही मी नेसणार."